पडद्यावरची सासू जेवायला येते

लोक आपल्याला शिव्या देतात म्हणजे आपलं काम चोख झालं, हे देल्फिना ओर्सात्तीला ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय उपयोग? लोस सेइबोसच्या स्टेशनवर ती गाडीतून उतरत होती, तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढे आली, तिच्या पायाशी थुंकली आणि म्हणाली, "चांडाळीण!" देल्फिनाच्या मनात फक्त एवढंच आलं, की ही बाजूला सरली तर मागच्या बाकावर जरा टेकता येईल.

बाजा वाजत होता, पण तो तिच्यासाठी नव्हता. तो होता नोरा बेल्मारसाठी. 'उंबऱ्याबाहेर' हा सिनेमा त्या वर्षी असा काही चालला होता, की स्टुडिओनं नटमंडळींना गावोगाव मिरवायचं ठरवलं होतं. पहिल्या दोन गावांतच नायिकेचा, म्हणजे नोराचा, घसा बसला. ती मोटारीनं ब्यूनोस आयर्सला परत गेली आणि रेल्वेनं पुढे जायला उरले दोघं. एक देल्फिना, जिनं सिनेमात सुनेला भर पावसात घराबाहेर काढलं होतं. दुसरे बासिलिओ रेबोरा, ज्यांनी त्या सुनेच्या आजारी लेकराची नाडी बघितली होती.

बासिलिओ जन्मभर तेच करत आले होते. आजाऱ्याच्या खोलीतून बॅग घेऊन बाहेर यायचं, चष्मा पुसायचा, मान हलवायची. कधी बॅगेऐवजी हातात जपमाळ असली तर ते पाद्री असत, एवढाच फरक. नोरा बेल्मारसाठी आणलेला फुलांचा गुच्छ कुणाला द्यावा हे न कळून एक मुलगी रडकुंडीला आली होती. त्यांनीच तो तिच्या हातून घेतला, टोपी काढली आणि म्हणाले, "तिच्या वतीनं आभार, बाळा. तिची तब्येत आता धोक्याबाहेर आहे."

"निदान एक तरी पेशंट वाचवलात," देल्फिना म्हणाली आणि एकदाची बाकावर बसली.

वयाच्या साठाव्या वर्षी तिचे पाय दुपारपर्यंत भरून येत आणि संध्याकाळी बुटात मावत नसत. वडिलांची फिरती नाटक कंपनी होती, त्यात ती वाढली. तरुणपणी तिनं भोळ्या, फसवल्या गेलेल्या मुलींची कामं केली होती. मग बोलपट आले. कुठल्याशा दिग्दर्शकाला तिची डावी भुवई दिसली, आणि ती भुवई वर उचलली की गालाचं हाड कसं धारदार होतं तेही दिसलं. तेव्हापासून ती कधी दुष्ट आत्या झाली, कधी वसतिगृहाची करडी बाई झाली, आणि गेली काही वर्षं सासूच. स्वतःच्या आयुष्यात तिला ना नवरा होता ना मूल, त्यामुळे सुनेचा प्रश्नच नव्हता. आईचं अंथरूण सांभाळता सांभाळता लग्नाचं वय केव्हा निघून गेलं ते तिला कळलंही नाही. पण तिच्या गल्लीतला खाटीक तिला मुद्दाम हाडकं जास्त घालायचा, आणि वर म्हणायचा, "सुनेला द्या ना मांस."

हॉटेलात खोली मिळाल्यावर तिनं परातीत कोमट पाणी मागवलं, त्यात मीठ टाकलं आणि पाय सोडून डोळे मिटून बसली. संध्याकाळी सिनेमाचा खेळ होता. तो संपल्यावर स्टेजवर येऊन दोघांनी थोडी नाट्यछटा करायची, हात हलवायचे, आणि उद्या दुपारच्या गाडीनं पुढचं गाव गाठायचं. अजून पाच गावं होती.

दार वाजलं. हातावर काळा रेशमी ड्रेस आडवा टाकून एक तरुण बाई आत आली. ती हॉटेलातली इस्त्रीवाली होती. अंगानं बारीक, तिशीच्या आतली, बोटांवर जुन्या चटक्यांचे डाग. ड्रेस तिनं खुर्चीवर नीट पसरला, पण जाईना.

"आणखी काही?" देल्फिनानं डोळे न उघडता विचारलं.

"बाई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावायला उठावं लागेल. विचार."

"शेवटी तुम्ही दार उघडता ना… पोराला ताप भरतो, ती बाहेर पायरीवर बसलेली असते, आणि तुम्ही आतून येऊन कडी काढता. त्या वेळी तुमच्या मनात काय आलं होतं?"

देल्फिनानं डोळे उघडले. असले प्रश्न वर्तमानपत्रवाले विचारत, आणि त्यांना द्यायची उत्तरंही तिच्याकडे तयार होती. पण या मुलीचा चेहरा वर्तमानपत्रवाल्याचा नव्हता.

"खरं सांगू? पट्टा फार आवळून बांधला होता. श्वास घेता येत नव्हता. कधी एकदा दार उघडते आणि सुटते, असं झालं होतं."

मुलगी फसकन हसली. हसता हसताच तिचे डोळे भरले आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. देल्फिनानं तिला डोळे पुसू दिले. मग म्हणाली, "बस त्या पलंगावर. नाव काय तुझं?"

तिचं नाव एलिदा. गावातल्या पिठाच्या गिरणीची मालकीण फ्रोइलाना एचार्त, जिला सगळे मानानं 'दोन्या' म्हणत, तिच्या एकुलत्या एक मुलाची ती बायको. आता विधवा. नवरा, रामिरो, कार्निव्हलच्या रात्री नदीत बुडाला. महिन्याभरानं सासूनं तिची पेटी दाराबाहेर ठेवली. अडीच वर्षांची मुलगी आत राहिली.

"आणि तू गेलीस?"

"नाही जाऊन काय करू? गावातलं निम्मं माणूस गिरणीत कामाला. जज्ज सासऱ्यांचे जुने मित्र. आता दीड वर्ष झालं. रविवारी त्या दोघी चर्चला जातात तेव्हा हॉटेलच्या वरच्या खिडकीतून पोर दिसते. उंची वाढलीये तिची." एलिदानं नाक पुसलं. "बाई, सासू तुमचा सिनेमा चार वेळा बघून आलीये. घरी आल्यावर मोलकरणीला म्हणते, याला म्हणतात बाई! तुमचं ती ऐकेल. तुम्ही एकदा तिच्याकडे जाऊन बोला ना."

"काय बोलू?"

"सिनेमात बोलता तेच."

"ते मी नाही लिहिलेलं, पोरी. ते एक जाडजूड गृहस्थ लिहितात, आणि त्यांना स्वतःच्या बायकोनं घराबाहेर काढलंय." देल्फिनानं पाय परातीतून काढून टॉवेलावर ठेवले. "हे बघ, मी म्हातारी नटी आहे. दमलेय. उद्या माझी गाडी आहे. दुसऱ्याच्या घरात जाऊन मी काय दिवे लावणार? तू चांगला वकील बघ."

एलिदा उठली. तिनं परात उचलली, पाणी न सांडता दारापर्यंत नेली. "ड्रेसची कॉलर जरा विरलीये, आतून टाका घातलाय," एवढंच म्हणाली आणि गेली. देल्फिना पलंगावर आडवी झाली, पण डोळा लागला नाही.

संध्याकाळी थिएटर खच्चून भरलं होतं. देल्फिना आणि बासिलिओ शेवटच्या रांगेत बसले होते. पडद्यावर देल्फिना आली, की हॉलभर सापासारखा फूत्कार निघायचा. सुनेला बाहेर काढायचा प्रसंग आला, तेव्हा कुणीतरी संत्र्याची साल फेकली आणि ती पडद्यावरच्या देल्फिनाच्या कपाळाला लागून खाली पडली. बायका मुसमुसत होत्या. आणि त्या सगळ्या रडारडीत पुढच्या रांगेतून टाळ्या ऐकू आल्या. एकाच माणसाच्या, सावकाश, ठाम. काळ्या कपड्यातली, ताठ मानेची एक बाई टाळ्या वाजवत होती. कुणाची तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

पुढे पडद्यावरच्या सासूला पश्चात्ताप झाला, तिनं कडी काढली, सून तिच्या गळ्यात पडली. हॉलमध्ये एकच हुंदका उठला. तेवढ्यात काळ्या कपड्यातली बाई उठली आणि जाळीदार शाल सावरत, कुणाकडेही न बघता मधल्या वाटेनं निघून गेली.

"तुझी एकुलती एक भक्त," बासिलिओ कानात म्हणाले, "शेवट न बघताच उठली."

स्टेजवरचा कार्यक्रम उरकल्यावर थिएटरचे मालक लगबगीनं आले. घाम पुसत म्हणाले, "उद्या दुपारी दोन्या फ्रोइलानांनी तुम्हाला जेवायला बोलावलंय. दोघांनाही. नाही म्हणू नका हं. या हॉलच्या खुर्च्या त्यांनी दिल्यात."

देल्फिना नाहीच म्हणणार होती. नकाराचं वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. पण बासिलिओंनी विचारलं, "जेवायला काय असतं त्यांच्याकडे?" आणि मालक म्हणाले, "रविवारी घरी लाटलेली, सारण भरलेली राव्हिओली. वर बदकाचा रस्सा." बासिलिओंनी गेल्या दोन गावांत थंड मांसाच्या चकत्यांवर दिवस काढले होते. त्यांनी देल्फिनाकडे असं काही बघितलं, की ती म्हणाली, "बरं, येतो."

सकाळी तिनं एलिदाला बोलावून घेतलं. "मला एकटीला ड्रेसची बटणं लावता येत नाहीत," ती म्हणाली. "तू माझ्याबरोबर चल. माझी कामाची बाई म्हणून."

एलिदाचा चेहरा पांढरा पडला. "ती मला आत घेणार नाही."

"नाही घेतलं तर परत ये. माझंही काही वचन नाही."

चर्च सुटायच्या सुमारास ते तिघं चौक ओलांडून निघाले. एचार्तांचं घर चौकाच्या कोपऱ्यावरच होतं, उंच दाराचं, दारापुढे तीन संगमरवरी पायऱ्या. दार दोन्या फ्रोइलानानं स्वतः उघडलं; पाहुणे येणार म्हणून ती आज पहाटेच्याच प्रार्थनेला जाऊन आली होती. देल्फिनाला बघून तिचा कोरडा चेहरा एकदम उजळला. मग नजर मागे गेली.

"या, सेन्योरा ओर्सात्ती. या, डॉक्टर." बासिलिओंनी डॉक्टर म्हणवून घेतलं, त्यांना सवय होती. "ती मात्र नाही. ती उंबऱ्याच्या बाहेर."

पडद्यावर हेच वाक्य देल्फिना म्हणाली होती. अगदी शब्दन् शब्द. त्यावर काय बोलायचं ते नोरा बेल्मारला लिहून दिलेलं होतं, तिला नाही. डोक्यावर ऊन आलं होतं. नव्या बुटात पाय ठणकत होते. ती खरोखरच थकली होती, म्हणून ती वळली आणि मधल्या पायरीवर बसली.

"हे काय?" दोन्या फ्रोइलाना म्हणाली.

"बसले. पाय दुखतात."

"आत बसा ना! खुर्च्या आहेत."

"ही माझ्याबरोबर आलीये. हिला इथं सोडून मी आत नाही येणार. आणि हॉटेलपर्यंत चालायचं आता माझ्या अंगात त्राण नाही. तेव्हा मी इथंच बसते. तुम्ही जेवून घ्या."

"देल्फिना, अगं…" बासिलिओ पुटपुटले. आतून बदकाच्या रश्श्याचा वास येत होता. त्यांनी एक सुस्कारा टाकला, रुमाल पसरला आणि तेही तिच्या शेजारी बसले.

तेवढ्यात चर्च सुटलं. माणसं चौकात पसरली. आधी दोघी पोरी थांबल्या, मग त्यांच्या आया थांबल्या. ब्यूनोस आयर्सची नटी, सिनेमातली सासू, गिरणीवालीच्या पायरीवर बसलीये! पाद्रीबाबाही घाम पुसण्याच्या निमित्तानं झाडाखाली उभे राहिले. कुणीतरी म्हणालं, "फ्रोइलानानं बाहेर काढलं वाटतं हिला!" त्यावर कुणीतरी खिदळलं, "बघा, आज सासूवरच वेळ आली!"

दोन्या फ्रोइलानाच्या मानेवर लाली चढली. जन्मात तिच्या दाराकडे बघून कुणी हसलं नव्हतं. ती दातावर दात ठेवून म्हणाली, "आत या. सगळे. लवकर."

एलिदा सगळ्यांच्या मागून आली. उंबऱ्यावर ती क्षणभर अडखळली, आणि मग पायपुसण्यावर तिनं खूप वेळ पाय पुसले.

जेवणाच्या टेबलाशी मुलगी आधीच येऊन बसली होती. मांडीखाली दोन उशा, गळ्यात कडक इस्त्रीचा रुमाल. नाव बेबा. एलिदा टेबलाच्या टोकाला, तिच्याच समोर बसली. मुलीनं तिच्याकडे पाहिलं, मग बासिलिओंच्या मिशांकडे पाहिलं, आणि मिशाच जास्त आवडल्यासारखी त्यांच्याकडेच बघत राहिली. तिनं आईला ओळखलं नव्हतं. एलिदाचा हात पाण्याच्या ग्लासाभोवती तसाच राहिला.

दोन्या फ्रोइलाना बोलू लागली ती सिनेमाबद्दल. तिला दुसरं कुणी टेबलावर दिसतच नव्हतं. "तुम्ही कशा उभ्या राहता हो! तो दाराचा प्रसंग! मी माझ्या मोलकरणीला सांगितलं, बघ, असं बोलावं. पण शेवट कुणी बिघडवला? तुम्ही कडी काढलीत आणि मला लाज वाटली. तुमच्यासारखी बाई असं करणार नाही."

"स्टुडिओला वाटलं, लोक रडत घरी गेले की परत येतात," देल्फिना म्हणाली.

"लोक! लोकांना काय कळतंय?"

बासिलिओ तिसऱ्यांदा राव्हिओली वाढून घेत होते. बेबा त्यांना म्हणाली, "तू खरा डॉक्टर आहेस?"

"थोडा थोडा."

"मग माझ्या आईला का नाही बरं केलंस?"

देल्फिनानं मुलीकडे वळून बघितलं.

"माझी आई मेली," बेबानं देल्फिनाला समजावून सांगितलं, जशी मुलं घरातल्या मांजराची हकिगत सांगतात. "तापानं."

देल्फिनानं आयुष्यात असले प्रसंग कितीतरी केले होते. अशा ठिकाणी व्हायोलिन सुरू होतं. कुणीतरी किंचाळतं, खुर्ची पडते, नायिका छातीवर हात दाबून दाराकडे धावते. इथं तसलं काहीच झालं नाही. बासिलिओंचा घास तोंडातच राहिला. मोलकरीण रश्श्याचं भांडं घेऊन दारातच थबकली आणि उलट्या पावली स्वयंपाकघरात गेली. दोन्या फ्रोइलाना आपल्या ताटाकडे बघत होती.

एलिदानं पावाची टोपली मुलीकडे सरकवली. "कधी?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"मी लहान होते तेव्हा. तू कोण आहेस?"

देल्फिनानं तोंड उघडलं. पण एलिदानं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तिनं ते परत मिटलं.

"मी इस्त्री करते," एलिदा म्हणाली. "हॉटेलात."

"बाहुलीच्या फ्रॉकला करता येते?"

"येते. इस्त्री मात्र लहान हवी, नाहीतर लेस जळते."

"आमच्याकडे लहान आहे," बेबा म्हणाली आणि उशांवरून घसरून खाली उतरली. दोघी मागच्या अंगणाकडे गेल्या. जाताना मुलीनं तिचं बोट धरलं, कारण अंगणाच्या पायऱ्या उतरताना ती नेहमी कुणाचं तरी बोट धरायची.

बासिलिओ रुमालानं तोंड पुसत उठले. "मी जरा… बाहेर झाडं बघतो," म्हणाले आणि गेले. पडद्यावर वाईट बातमी सांगून झाल्यावर ते नेहमी असेच बाहेर जात.

खोलीत दोघी उरल्या. खिडकीतून अंगण दिसत होतं. एलिदा इस्त्रीत निखारे भरत होती आणि मुलगी लांब उभं राहून, हात पाठीमागे बांधून, सूचना देत होती.

"तापानं," देल्फिना म्हणाली. "ते आमच्या सिनेमात शोभलं असतं."

दोन्या फ्रोइलानानं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "रात्ररात्र रडायची. आई हवी, आई हवी. मी काय सांगणार होते? आई बाजारात गेलीये? किती दिवस सांगणार? मेली म्हटल्यावर चार दिवस रडली आणि गप झाली. मग झोपायला लागली. मीही झोपले."

"आणि तिची आई त्या चौकापलीकडे चादरींना इस्त्री करतेय."

"तिनं माझा मुलगा नेला!" म्हातारीचा आवाज एकदम फुटला. "त्याला नाचायचं वेड नव्हतं. तिनं लावलं. त्या रात्री तीच घेऊन गेली नदीवर. नाहीतर माझा रामिरो त्या वेळी अंथरुणात असायचा."

"मी त्याला ओढत होते."

एलिदा दारात उभी होती. बाहुलीचा फ्रॉक तिच्या हातात होता. पाणी शिंपडायला वाटी हवी म्हणून ती आत आली होती.

"मी त्याला हाताला धरून ओढत होते, सासूबाई. त्यानं माझी बाही फाडली आणि पाण्यात उडी टाकली. मित्रांशी पैज लावली होती. ती फाटकी बाही तुम्ही बघितली होती. तुम्ही विचारलंच नाही कशी फाटली."

दोन्या फ्रोइलाना तिच्याकडे बघत राहिली. सुनेनं तिला सासूबाई म्हटलं ते दीड वर्षात पहिल्यांदा, आणि तिनं ते ऐकून घेतलं हेही पहिल्यांदा.

"तुला वाटी हवी होती ना," ती अखेर म्हणाली. "कपाटात आहे. खालच्या फळीवर. तुला माहीत आहे."

एलिदानं वाटी घेतली. दारापर्यंत गेली आणि थांबली. "मी रविवारी येऊ?"

"पोरीला काय सांगू?"

"इस्त्रीवाली येते म्हणून सांगा."

देल्फिनाला राहवलं नाही. "अगं, तू तिची आई आहेस! आत्ता, इथं सांग ना तिला! मी आहे, बासिलिओ आहेत…"

"तुम्ही चारच्या गाडीनं जाणार, बाई," एलिदा म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मला इथं राहायचंय. मेलेली आई एकदम उठून बसली तर ती घाबरेल. आधी माझी सवय होऊ दे तिला." आणि ती अंगणात गेली.

देल्फिना खुर्चीत मागे रेलली. तिला वाटलं होतं, पायरीवर बसून आपण काहीतरी मोठं केलं. आता तेही वाटेना. समोरची म्हातारी टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होती. त्या ताठ मानेखालचे खांदे आता चक्क उतरले होते. देल्फिनाला तिच्यात आपलंच वय दिसलं. बऱ्याच वेळानं दोन्या फ्रोइलानानं मोलकरणीला हाक मारली, भोपळ्यातून नळीनं ओढायचा कडू चहा, 'माते', आणायला सांगितला, आणि तो भोपळा एकीकडून दुसरीकडे फिरत राहिला.

"रविवार," शेवटी दोन्या फ्रोइलाना म्हणाली. "जेवणानंतर. जेवायला नाही."

"ते तुम्ही तिला सांगा."

"तुमच्या जागी मी असते तर कडी काढली नसती," म्हातारी म्हणाली.

"माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला ती काढायचे पैसे मिळाले असते," देल्फिना म्हणाली. आणि दोघींपैकी कुणीच हसलं नाही.

गाडीत बसल्यावर बासिलिओंनी बूट काढले आणि पाय समोरच्या बाकावर ठेवले. मळे मागे पडत होते.

"मी काही बोलायला हवं होतं का गं?" त्यांनी विचारलं. "त्या पोरीनं विचारलं तेव्हा. आईला का नाही बरं केलंस म्हणाली. इतकी वर्षं लोकांना 'आता उपाय नाही' सांगितलं, पण असं कुणी उलट विचारलं नव्हतं."

"तुम्ही काय बोलणार होतात?"

"तेच तर." ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "बदक मात्र छान होतं," आणि लगेच ओशाळले.

उरलेली गावं त्यांनी उरकली. एका गावात पुन्हा संत्र्याची साल आली, दुसऱ्यात चक्क टोमॅटो. देल्फिनानं हात हलवले, डावी भुवई उचलून दाखवली, लोकांनी आनंदानं शिव्या दिल्या. मग पुढचा सिनेमा आला, त्यात ती अनाथाश्रमाची बाई होती. बासिलिओ या खेपेला पाद्री होते.

पुढच्या वर्षाच्या हिवाळ्यात लोस सेइबोसच्या थिएटरचे मालक नव्या सिनेमांच्या कामानं राजधानीत आले आणि त्यांनी देल्फिनाला कॉफीला बोलावलं. पेल्यात साखर ढवळत त्यांनी गावच्या बातम्या सांगितल्या. एलिदा कितीतरी रविवार इस्त्रीवाली म्हणूनच जात राहिली. मग कधीतरी जेवायलाही बसू लागली. आणि एक दिवस, सूप संपून मांस यायच्या आत, दोन्या फ्रोइलानानं चमचा खाली ठेवला आणि कसलीही प्रस्तावना न करता नातीला सांगितलं, "ही तुझी आई आहे. ती मेली नव्हती. मी खोटं बोलले होते."

"मग?"

"मग काय, पोरगी टेबलाखाली शिरली. कुणाकडेच जाईना. आठवडाभर दोघींशी बोलली नाही, मोलकरणीजवळ झोपायची. नंतर आली हळूहळू. आता एलिदा मागच्या खोलीत राहते. पण सासूसुनेचं पटलंय म्हणाल तर अजिबात नाही हं! पोरीचे केस कापायचे की वाढवायचे यावरून गेल्या महिन्यात अख्ख्या चौकाला भांडण ऐकू गेलं. जेवतात मात्र एका टेबलावर." मालक पुढे झुकले. "तुम्ही त्या दिवशी काय बोललात हो आत? गावात नाना गोष्टी सांगतात. कुणी म्हणतं तुम्ही दोन्या फ्रोइलानाच्या पाया पडलात. कुणी म्हणतं शाप दिलात."

"मी काहीच बोलले नाही," देल्फिना म्हणाली. "पाय दुखत होते, म्हणून बसले होते."

मालकांना ते खरं वाटलं नाही. नट मंडळी अशीच विनयानं बोलतात, असं समजून ते हसले आणि नव्या सिनेमात ती कुणाला घराबाहेर काढणार आहे ते विचारू लागले.

"मुलगी जेवते का नीट?" देल्फिनानं मध्येच विचारलं.

"कोण, बेबा? जेवते की. गोल झालीये."

"बरं."

बाहेर बारीक पाऊस होता. त्या दिवशी तिला शूटिंग नव्हतं. ट्रामनं ती घरी आली, तिनं जिना चढला, खोलीचे पडदे ओढले, आणि संध्याकाळपर्यंत ती गाढ झोपली.